ढाणकीवरचा ढग आणि दोन बोर्डांमधला निरोप

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. कापूस, सोयाबीन, हळद ही तिकडची पिके. जून महिना लागला की तिथल्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. पहिला पाऊस झाला, जमीन भिजली, आता पेरावे की थांबावे? पेरले आणि पुढे पंधरा दिवस उघडीप पडली तर बियाणे जळते आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. थांबावे तर हंगाम निसटतो. या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आज पुण्यातले महासंगणक करतात. ते किती वेगाने आकडेमोड करतात हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. मात्र त्यांच्या पोटातली शेकडो छोटी यंत्रे एकमेकांशी बोलतात कशी, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. आज तोच सांगायचा आहे.

आधी हे बोलणे लागते कशाला, ते पाहू. हवामानाचा अंदाज करताना पृथ्वीवर चौकटींची एक कल्पित जाळी पसरली जाते. प्रत्येक चौकटीतला वाऱ्याचा वेग, तापमान, हवेतला ओलावा आणि दाब हे आकडे घ्यायचे आणि काही मिनिटांनंतर ते किती होतील याचे गणित करायचे. मग त्या उत्तरावरून पुढच्या काही मिनिटांचे. असे पाऊल पाऊल पुढे जायचे. चौकटी इतक्या असतात की हे एका यंत्राचे काम नव्हे. म्हणून काम वाटून देतात. समजा, ढाणकीवरची चौकट एका बोर्डाकडे आली आणि उमरखेडवरची शेजारच्या बोर्डाकडे. पण ढगाला ही वाटणी कुठे ठाऊक? वारा उमरखेडवरून ढाणकीकडे वाहत असेल, तर तिकडचा ओलावा इकडच्या चौकटीत येणारच. म्हणजे प्रत्येक पावलाला दोन्ही बोर्डांनी आपापल्या शिवेवरचे आकडे एकमेकांना कळवले पाहिजेत. पाच मिनिटांचे एक पाऊल धरले, तर दहा दिवसांच्या अंदाजासाठी २८८० पावले होतात. तितक्या वेळा निरोप पोचायला हवा. निरोप उशिरा पोचला, तर शेजारचा बोर्ड हात बांधून बसून राहतो. तो कितीही वेगवान असला तरी उपयोग नाही.

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात झाली ती नाइलाजातून. १९८० च्या दशकात मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा एक्स-एमपी हा महासंगणक मिळाला आणि १९८९ मध्ये तो दिल्लीत बसला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला त्याहून शक्तिशाली यंत्र हवे होते. त्याला अमेरिकेची परवानगी मिळाली नाही. तेव्हा आपले यंत्र आपणच करावे असे ठरले आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. तिची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. भटकर हे वऱ्हाडातले. जन्म अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचा, अभियांत्रिकीचे शिक्षण नागपूरचे. मुदत होती तीन वर्षांची.

क्रेसारखा एकच प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवणे त्या मुदतीत शक्य नव्हते. सी-डॅकने दुसरी वाट धरली. साधे, बाजारात मिळणारे प्रोसेसर पुष्कळ घ्यायचे आणि ते एकत्र कामाला लावायचे. निवड झाली ‘ट्रान्सप्युटर’ या चिपची. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची ही चिप. तिचे वैशिष्ट्य असे की गणित करण्याच्या सोयीबरोबरच शेजाऱ्याशी बोलण्याची सोयही तिच्या अंगातच होती. प्रत्येक ट्रान्सप्युटरला चार ‘लिंक’ असत. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा चार शेजाऱ्यांना तारा जोडल्या की झाले. एका लिंकवरून सेकंदाला २ कोटी बिट जात. असे ६४ ट्रान्सप्युटर जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. ‘परम’ म्हणजे श्रेष्ठ, आणि ‘पॅरलल मशीन’ या शब्दांचे ते लघुरूपही.

आता इथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या ट्रान्सप्युटरच्या बोर्डाला ना कळफलक, ना पडदा, ना डिस्क. मग त्याच्यावर चालणाऱ्या प्रोग्रामने फाइल वाचायची कुठून? इनमॉसने त्यावर एक तोड काढली होती. बोर्ड एखाद्या साध्या संगणकाला लिंकने जोडायचा आणि त्या संगणकावर एक सेवक-प्रोग्राम चालू ठेवायचा. बोर्डावरचा प्रोग्राम म्हणे, ‘अमुक फाइल उघड.’ ती मागणी लिंकवरून पलीकडे जाई. सेवक आपल्या डिस्कवरची फाइल उघडून मजकूर परत पाठवी. प्रोग्रामच्या दृष्टीने फाइल उघडली गेली, एवढेच. ती डिस्क आपली नाही, तारेच्या पलीकडे कोणीतरी तिचे सोंग वठवत आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. सोंग घेतलेले उपकरण, म्हणजेच आभासी उपकरण, आणि प्रत्यक्ष तारेने जोडलेले दोन बोर्ड, यांची ही सोयरीक इतकी जुनी आहे.

ट्रान्सप्युटर मात्र फार काळ टिकला नाही. १९८९ मध्ये इनमॉस दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात गेली, पुढची चिप वेळेवर आली नाही, आणि दरम्यान इतरांचे प्रोसेसर गणितात पुढे निघून गेले. सी-डॅकने मग ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय-८६० हा प्रोसेसर गणितासाठी घेतला आणि ट्रान्सप्युटर मुख्यतः निरोप्याच्या कामाला ठेवला. १९९४ च्या ‘परम ९०००’ ची रचनाच अशी केली की प्रोसेसर बदलला तरी बाकीचे घर उभे राहावे. १९९८ च्या ‘परम १००००’ मध्ये तर सन कंपनीचे तयार संगणकच एकमेकांना जोडले होते.

पण दर वेळी एक दुखणे सोबत आले. तारा बदलल्या की बोलण्याची रीत बदलते, आणि रीत बदलली की त्यावर लिहिलेले प्रोग्राम निकामी होतात. ट्रान्सप्युटरची स्वतःची ‘ऑकॅम’ नावाची भाषा होती. त्या भाषेत, त्या चार लिंक गृहीत धरून ज्यांनी महिनोन्‌महिने प्रोग्राम लिहिले, त्यांनी चिप गेल्यावर काय करावे? यंत्र जुने झाले की भंगारात देता येते. पण हवामानाच्या गणिताचा प्रोग्राम म्हणजे अनेक माणसांची अनेक वर्षांची मेहनत. ती दर चार-पाच वर्षांनी नव्याने करणे परवडणारे नाही.

यावर जगभर दोन उपाय निघाले. पहिला उपाय प्रोग्रामच्या बाजूचा. निरोप पाठवणे आणि घेणे यांची एक ठरावीक बोली सर्वांनी मान्य करायची. १९९४ मध्ये ‘एमपीआय’ नावाने ती ठरली, आणि आजही हवामानाचे प्रोग्राम तीच बोलतात. दुसरा उपाय यंत्राच्या बाजूचा. तो समजण्यासाठी ‘ड्रायव्हर’ म्हणजे काय ते पाहावे लागेल. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणासाठी एक छोटा प्रोग्राम असतो. वरचे सगळे त्याला सांगतात, ‘हे पाठव.’ उपकरणाच्या खोडी त्यालाच ठाऊक. बैलाची ओढ गाडीवानाला कळावी, तसे. तो आहे म्हणून वरच्यांना प्रत्येक उपकरणाचा स्वभाव शिकावा लागत नाही.

सी-डॅकने आपल्या यंत्रांसाठी ‘परमनेट’ हे स्वतःचे जाळे बनवले आणि ‘क्षिप्र’ या नावाने निरोपाची प्रणाली लिहिली. क्षिप्र म्हणजे जलद. नेहमीच्या रीतीत प्रत्येक निरोप आधी संगणकाच्या मुख्य कार्यप्रणालीकडे जातो, तिथे त्याची नक्कल होते, मग तो तारेवर चढतो. तालुक्याच्या कचेरीत शिक्का मारून घेतल्याशिवाय कागद पुढे सरकू नये, तसे. ‘क्षिप्र’ने हा फेरा टाळला. प्रत्येक प्रोग्रामला जणू त्याचे स्वतःचे कार्ड दिले आहे असे भासवायचे आणि निरोप थेट तारेवर जाऊ द्यायचा. इंटेल, कॉम्पॅक आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९७ मध्ये अशा आभासी जोडणीचा एक नमुना प्रसिद्ध केला होता. पुण्यातले कामही त्याच दिशेचे होते. ‘परमनेट-२’ वर उभा असलेला ‘परम पद्म’ जून २००३ मध्ये जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत १७१ वा आला.

याच सुमारास एका वेगळ्याच गरजेतून पुढचा टप्पा आला. संगणक इतके मोठे झाले की एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवता येऊ लागले. त्या आभासी संगणकाला जाळ्याचे कार्डही आभासीच द्यावे लागते. हे सोंग कसे घ्यायचे याची प्रत्येक प्रणालीची पद्धत निराळी, म्हणून ड्रायव्हरही निराळे. ऑस्ट्रेलियाचे प्रोग्रामर रस्टी रसेल यांनी या सगळ्यांसाठी एकच सामाईक पद्धत सुचवली. तिचे नाव ‘व्हर्टआयओ’. २००८ मध्ये ती लिनक्समध्ये आली.

तिची कल्पना आपल्या विहिरीवरच्या रहाटगाडग्यासारखी आहे. एकाच मेमरीत एक गोल माळ असते. पाहुणा संगणक गाडग्यात चिठ्ठी टाकतो, ‘माझा माल अमुक पत्त्यावर आहे.’ यजमान ती चिठ्ठी घेतो, माल उचलतो आणि ‘काम झाले’ असे सांगून गाडगे रिकामे परत करतो. माळ फिरत राहते. भरलेले वर, रिकामे खाली. गाडगी भरून गेली तर पाहुणा थांबतो, रिकामी असली तर यजमान थांबतो. दोघांना दर वेळी हाका मारत बसावे लागत नाही. मोठी खेप तयार झाली की एकदा घंटा वाजवली तरी पुरते.

आता काही अभियंत्यांच्या मनात एक साधा प्रश्न आला. माळेच्या दुसऱ्या टोकाला आभासी यजमानाऐवजी खरोखरचा दुसरा बोर्ड बसवला तर? ड्रायव्हरला कळणारही नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ओवेन्स व्हॅली रेडिओ वेधशाळेतल्या एका अभियंत्याने हे करून पाहिले. दुर्बिणीच्या संकेतांवर काम करणारे त्याचे बोर्ड एकाच पेटीत मुख्य संगणकाच्या पीसीआय खाचांमध्ये बसवलेले होते. बोर्ड तर खाचेतून जोडलेलेच आहेत, मग प्रत्येकाला जाळ्याची वेगळी तार कशाला? खाचेवरच आभासी जाळे उभारू, असा त्याचा विचार. कल्पना सोपी. करायला घेतल्यावर मात्र चार अडचणी पुढे आल्या, आणि या विषयाचे खरे मर्म त्यांतच आहे.

पहिली अडचण पत्त्यांची. आभासी पाहुणा आणि यजमान एकाच घरात राहतात. पाहुण्याची सगळी मेमरी यजमानाला दिसते. ‘अमुक पत्त्यावर माल आहे’ म्हटले की पुरे. दोन वेगळे बोर्ड म्हणजे दोन वेगळी घरे. एकाचा पत्ता दुसऱ्याच्या गावी लागू नाही. मध्ये आहे ती एक ठरावीक मापाची खिडकी. माल त्या खिडकीत आणून ठेवावा लागतो आणि पत्त्याचे भाषांतर करावे लागते.

दुसरी अडचण वेगाची. खाचेपलीकडच्या मेमरीत लिहिणे स्वस्त, तिथून वाचणे महाग. लिहिणे म्हणजे पेटीत पत्र टाकून आपल्या कामाला लागणे. वाचणे म्हणजे पत्र पाठवून उत्तर येईपर्यंत दारात बसणे. म्हणून माळेची मांडणीच बदलावी लागते. प्रत्येकाने दुसऱ्याच्या घरात लिहावे आणि आपल्याच घरात वाचावे, म्हणजे कोणी खोळंबत नाही.

तिसरी अडचण आकडे लिहिण्याच्या रीतीची. मराठीत आपण पंचवीस म्हणताना आधी पाच आणि मग वीस उच्चारतो, इंग्रजीत आधी वीस. प्रोसेसरांचेही असेच आहे. काही मोठा भाग आधी मांडतात, काही छोटा. एकाच यंत्रात दोघे एकाच रीतीचे असतात, त्यामुळे पूर्वी याकडे लक्ष दिले नाही तरी चाले. दोन वेगळ्या जातीचे बोर्ड समोरासमोर आले की एकाचा आकडा दुसऱ्याला भलताच दिसतो. पुढे २०१६ मध्ये ‘व्हर्टआयओ’ला अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा छोटा भाग आधी ही एकच रीत त्यात पक्की करण्यात आली.

चौथी अडचण क्रमाची आणि भरवशाची. ‘माल ठेवला’ ही चिठ्ठी मालाच्या आधी पोचली, तर पलीकडचा शिळाच माल उचलून नेईल. म्हणून आधी माल, मग चिठ्ठी, हा क्रम मोडू नये याची काळजी घ्यावी लागते. शिवाय पलीकडचा बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. आभासी पाहुणा यजमानाच्या हुकमातला असतो. खरा बोर्ड स्वतंत्र असतो. माळ अर्धवट असताना तो गेला तर कोणती गाडगी कोणाची, हे नव्याने ठरवावे लागते. पाहुणा कोण आणि यजमान कोण, हाही प्रश्नच. दोन्ही बाजू स्वतःला पाहुणा समजू लागल्या तर वाढणार कोण?

त्या अभियंत्याचे काम जसेच्या तसे लिनक्सच्या मूळ संहितेत गेले नाही. कल्पना मात्र रुजली. २०१२ मध्ये लिनक्समध्ये आलेली ‘आरपीमेसेज’ ही सोय एकाच चिपमधल्या दोन जातींच्या प्रोसेसरांना व्हर्टआयओच्या माळेवरून बोलायला लावते.

इथे गोष्ट पुन्हा पुण्याला येते. फेब्रुवारी २०१३ मध्ये सी-डॅकने ‘परम युवा-२’ सुरू केला. सेकंदाला ५२४ लाख कोटी क्रिया करण्याची त्याची कमाल क्षमता होती. जून २०१३ च्या जागतिक यादीत तो ६९ वा होता. त्याचे बळ होते इंटेलच्या ‘झिऑन फाय’ या कार्डांत. एका कार्डावर ६० गाभे आणि ८ गिगाबाइट मेमरी. हे कार्ड नुसते खाचेत बसवलेले उपकरण नव्हते. त्याच्यावर स्वतःचे लिनक्स चाले. म्हणजे तो एक पुरता संगणकच होता, फक्त त्याला डिस्क नव्हती आणि जाळ्याची तार नव्हती. ट्रान्सप्युटरच्या बोर्डाची आठवण व्हावी अशीच ही स्थिती, मध्ये फक्त वीस-बावीस वर्षे गेलेली. इंटेलने कार्डासोबत दिलेल्या प्रणालीत खाचेवरूनच एक आभासी जाळे उभे राही, आणि मुख्य संगणकाला कार्ड शेजारच्या संगणकासारखे दिसे. याच कार्डांसाठी जानेवारी २०१४ च्या लिनक्समध्ये जो आधार आला, त्यात जाळे, डिस्क आणि पडदा ही तिन्ही सोंगे व्हर्टआयओची होती. आभासी संगणकासाठी लिहिलेले ड्रायव्हर खऱ्या बोर्डावर कामाला आले.

पुढे झिऑन फायही गेले. इंटेलने त्याचे उत्पादन थांबवले आणि २०२० मध्ये लिनक्समधून त्याचा आधार काढून टाकण्यात आला. ट्रान्सप्युटरचे जे झाले तेच याचेही झाले. परंतु एक मोठा फरक पडला. ट्रान्सप्युटर गेला तेव्हा त्याच्या लिंकवर लिहिलेले पुष्कळसे त्याच्यासोबत गेले. झिऑन फाय गेले तेव्हा माळ राहिली, ड्रायव्हर राहिले आणि वरचे प्रोग्रामही राहिले. गेला तो फक्त खाचेशी गाठ मारणारा मधला दोर. २०१७ मध्ये लिनक्समध्ये अशी सोय आली की कोणताही योग्य बोर्ड खाचेत बसून हव्या त्या उपकरणाचे रूप घेऊ शकतो, आणि २०२२ मध्ये त्यावरूनच दोन यंत्रांमध्ये आभासी जाळे जोडण्याची वाट खुली झाली.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्येच सी-डॅकच्या ‘परम रुद्र’ मालिकेतले तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. त्यांतला एक जुन्नर तालुक्यातल्या खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. सी-डॅकने ‘त्रिनेत्र’ नावाचे नवे जाळेही बनवले आहे. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ने अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणली. एका जुन्या चौकटीच्या जागी आता चार आहेत. पंचायतीच्या पातळीपर्यंत अंदाज पोचवणे हा तिचा उद्देश.

चौकट लहान झाली की शिवा वाढतात. शिवा वाढल्या की निरोप वाढतात. ढाणकी आणि उमरखेड पूर्वी एखाद-दुसऱ्या चौकटीत मावत, आता त्यांच्यामध्ये अधिक चौकटी आल्या आणि गणिताचे पाऊलही आखूड झाले. प्रोसेसर विकत घेता येतो, तो दर काही वर्षांनी बदलेलही. त्यांच्यामधले बोलणे मात्र जुळवून घ्यावे लागते, आणि ते जुळवताना वरच्या प्रोग्रामला त्याची झळ लागू न देणे हेच ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचे काम आहे. त्यांची नावे सहसा कुठे छापून येत नाहीत.

निरोप वेळेवर पोचला म्हणून अंदाज बरोबरच ठरेल असे नाही. मान्सूनचे गणित अवघड आहे आणि त्यात चूक राहतेच. पण अंदाज पेरणीच्या आधी हाती यायला हवा. उद्याच्या पावसाचे गणित परवा पूर्ण होऊन उपयोग काय? ढाणकीच्या शेतकऱ्याने बियाण्याची पिशवी फोडायच्या आत ते उत्तर पोचावे, यासाठी पुण्यातल्या त्या दोन बोर्डांनी हजारो वेळा, न चुकता, न थांबता एकमेकांना शिवेवरचे आकडे सांगितलेले असतात.